इंजिन आणि गार्ड, एकाच सेकंदाला

५ सप्टेंबर

गार्डकाका,

माझं पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नका. मी ठणठणीत आहे. या बेटावर वारा, खारी हवा आणि हवामान केंद्रातले आम्ही पाच जण, एवढंच आहे. आजारी पडायलासुद्धा इथे काही सापडत नाही.

विचारायचंय ते बाबांबद्दल. मला दर रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो. पूर्वी ती दहाही मिनिटं बाबाच खायचे. धावण्याच्या क्लबातलं कोण कुठे घसरलं, डॉक्टरीणबाई कुणावर खेकसल्या, शेवटच्या चढावर त्यांनी तुम्हाला कसं मागे टाकलं. मला तोंड उघडायला मिळायचं नाही. आता तीन महिने झाले, "पळून आलो, सगळे मजेत, तू जेवलीस का?" एवढं बोलतात आणि गप्प. मग मीच पावसाचे आकडे सांगत बसते. लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस, सुताएवढ्या फरकावरून भांडणारा, आणि किती पळालात विचारलं तर म्हणतो, "असेल दहाएक." दहाएक! बाबा?

माझी सुट्टीची पाळी नोव्हेंबरअखेर आहे. इथल्या रेडिओवाल्याच्या बायकोचं बाळंतपण डिसेंबरात आहे, म्हणून तो ती पाळी मागतोय. त्याला दिली तर मी मार्चपर्यंत इथे अडकले. घरी कुणी आजारी असेल तर मात्र मला केव्हाही सोडतील, नुसता अर्ज करायचा अवकाश.

तेव्हा खरं काय ते सांगा. आई गेली तेव्हा माझी परीक्षा चालू होती आणि मला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, म्हणून सगळ्यांना माफ केलं. आता करणार नाही.

ठकू


१९ सप्टेंबर

ठकू, अगं बये,

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर अक्षरांचा तक्ता वाचत होतं आणि मी तुझं पत्र. त्याला दोनदा एकच ओळ वाचायला लावली म्हणे मी. चष्मा चुकीच्या नंबरचा गेला तर तुझ्या नावावर.

क्लबाची बातमी हवी ना? घे. मागच्या रविवारी तलावाची मोठी चक्कर होती, बारा किलोमीटर. सहा नवे भिडू आले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं, "रस्ता माहीत नसेल तर पिवळा शर्ट सोडायचा नाही." सहाही जण एका पिवळ्या शर्टामागे जीव तोडून धावले. तो माणूस चांगलाच वेगात होता. पुढे स्टॉपवर बस आली, तो तीत चढला, तेव्हा उलगडा झाला की तो क्लबाचा नव्हताच, बस पकडायला पळत होता. त्यातले दोघे तर चढलेसुद्धा! तुझा बाबा हे ऐकून इतका हसला की पोट धरून बाकावर बसून राहिला.

हो, तो दर रविवारी सहाच्या ठोक्याला बागेच्या फाटकाशी हजर असतो. एकही रविवार चुकवलेला नाही. सगळ्यांच्या किल्ल्या, जाकिटं सध्या त्याच्याच ताब्यात असतात, आणि कुणी उशिरा आलं तर त्याची धडगत नाही. तब्येत वयाच्या मानाने जशी असायची तशी. बोलणं कमी झालंय म्हणतेस, तर अगं, पासष्टीनंतर माणूस थोडा मुरतो.

तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

गार्डकाका


२५ ऑक्टोबर

गार्डकाका,

पंधरा दिवस समुद्र खवळलेला होता, बोट आलीच नाही. तुमचं पत्र आज मिळालं. बसची गोष्ट स्वयंपाक्याला सांगितली, त्याने हसताना वरण सांडलं.

पण काका, किल्ल्या बाबांच्या ताब्यात का? पळणारा माणूस दुसऱ्याची एक किल्लीसुद्धा खिशात ठेवत नाही, खुळखुळते म्हणून. चाळीस जणांच्या किल्ल्या सांभाळतो तो बाकावर बसणारा माणूस. तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं. "हजर असतो" असं लिहिलंय. "पळतो" असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. खरं न बोलण्यात मात्र तुमचा हात कुणी धरणार नाही.

नऊ नोव्हेंबरला एकवीस आहे. एकवीस किलोमीटर बाबा सलग एकोणीस वर्षं धावलेत, आणि विसावी पुरी केली की ११४ नंबर कायमचा त्यांचा होणार, दुसऱ्या कुणालाही कधी मिळणार नाही. त्या नंबरावर त्यांचा किती जीव आहे ते मी लहानपणापासून बघतेय. पायात त्राण असेल तर ते धावतीलच. म्हणून मी असं ठरवलंय: त्या दिवशी इथे निकालाचं पान उघडीन. आमचं इंटरनेट रांगत चालतं, फोटो दिसत नाहीत, पण आकडे येतात. निकालात बाबा असले तर पाळी रेडिओवाल्याला देईन. नसले तर त्याच आठवड्यात निघेन.

हे पत्र बाबांना दाखवू नका. मुद्दाम माझ्यासाठी धावायचे.

ठकू


९ नोव्हेंबर, रविवार

काका! गार्डकाका!

दोन तास चव्वेचाळीस मिनिटं! निकालाचं पान यायला पाऊण तास लागला. एकेक ओळ उतरत होती आणि मी नखं खात बसले होते. ११४, बाबांचं नाव, पूर्ण. मी अशी किंचाळले की रेडिओवाला बाहेरून धावत आला. त्याला तिथल्या तिथे पाळी देऊन टाकली. तो रडायलाच लागला बिचारा.

आणि तुम्ही! पाच किलोमीटरला दोघांची वेळ एकच. दहाला एकच. पंधराला एकच. शेवटी एकाच सेकंदाला दोघे रेषेवर. पूर्ण शर्यत तुम्ही त्यांच्या बरोबरीने धावलात ना? बाबांचा वेग उतरलाय म्हणून तुम्ही तुमचा उतरवलात. इतकी वर्षं ते पुढे आणि तुम्ही मागे, म्हणून इंजिन आणि गार्ड. आणि आज पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून. मला भरून आलं हो.

लगेच फोन लावला. बाबा आज किती बोलले! अठराव्या किलोमीटरचा चढ, पाण्याच्या टेबलाजवळची रेटारेटी, तुमच्या बुटाची सुटलेली नाडी, सगळं सांगितलं. दहा मिनिटं कशी गेली कळलं नाही. जुने बाबा परत आले.

मागच्या पत्रात तुम्हाला लागेल असं लिहिलं. माफ करा, मी शंकेखोर आहे.

मार्चमध्ये भेटू. त्यांना जपा.

तुमची ठकू


२१ नोव्हेंबर

चि. ठकू,

तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच हातात पडली. पहिलं वादळामुळे कुठेतरी अडकून पडलं होतं. निकाल बघून तू काय ठरवणार आहेस, हे मला काल कळलं.

पाळी परत घेता येते का बघ. बाबाला थोडा अशक्तपणा आहे, आणि मार्च तसा लांब आहे. जमलं तर ये. काळजीचं असं काही नाही, पण जमलं तर बघ.

सध्या दुकानात गडबड आहे, जास्त लिहीत नाही.

गार्डकाका


५ डिसेंबर

काका,

बाबा सत्तावीस तारखेला गेले. ऑफिसने रेडिओवर कळवलं. तेव्हा समुद्र असा होता की पुढचे आठ दिवस बोट नाही. तिकडचं सगळं क्लबाने उरकलं असंही कळवलं. उरकलं, हाच शब्द होता. काल बोट आली आणि तिच्यात तुमचं पत्र. मी तिच्यात चढले नाही, आता पोचून कुणाला भेटणार?

जमलं तर. दोनदा लिहिलंत. काका, जमलं तर चहाला ये म्हणतात.

मी इस्पितळात फोन केला. पोटातली गाठ जूनमध्येच कळली होती. ऑक्टोबरपासून त्यांना जिना चढवत नव्हता. फोनवरची बाई चांगली होती, सगळं सांगितलं, आणि मग विचारलं, "तुम्हाला घरच्यांनी काही सांगितलं नव्हतं का?" मी म्हटलं, घरची मीच.

पोट धरून बाकावर बसून राहिला, असं लिहिलं होतंत तुम्ही. मी ते वाचून हसले होते.

माझ्या ऑफिसचा नंबर तुमच्याकडे होता. एक फोन केला असतात तर आठवड्याच्या आत मी घरी असते. माझं पहिलं पत्र तुम्हाला मिळालं तेव्हा समुद्र शांत होता, मी नोंदवही काढून बघितलं.

आता एकच सांगा, आणि या वेळी गाळलेल्या जागा ठेवू नका. ज्याला जिना चढवत नव्हता तो दोन तास चव्वेचाळीस मिनिटांत एकवीस किलोमीटर धावला कसा? ११४ नंबर कोण धावलं?


१४ डिसेंबर

ठकू,

मी धावलो.

नंबर छातीवर लावतात तो नुसता दिसायला असतो. वेळ घेते ती चिप, बुटाच्या नाडीत ओवायची. रस्त्यात मधूनमधून चटया टाकलेल्या असतात, त्यांच्यावरून चिप गेली की टूं वाजतं आणि नोंद होते. कोणाचे पाय आहेत हे चटईला कळत नाही. उजव्या बुटात माझी चिप बांधली, डाव्यात तुझ्या बाबाची. त्याचं नंबर आणि चिपचं पाकीट मीच घेऊन आलो होतो. "तो इस्पितळातून थेट येतोय" अशी थाप मारली खिडकीवर. तेवढं एकच वाक्य अर्धं खरं होतं.

त्याला यातलं काही माहीत नव्हतं. माझी कल्पना. विसावी पुरी व्हावी, नंबर त्याचा व्हावा, एवढं तरी त्याच्या पदरात पडावं असं वाटलं. एकोणीस वर्षं त्याच्या पाठीकडे बघत धावलो मी, त्या दिवशी समोर कुणी नव्हतं. दर चटईवर दोनदा टूं वाजायचं आणि मला वाटायचं, आला, तोही आला. वेडेपणा होता. पण सांगू का, मी आनंदात धावलो. क्लबातल्या कुणालाही सांगितलं नव्हतं.

दोघांची पदकं घेऊन तडक त्याच्याकडे गेलो. सकाळचे साडेदहा झाले होते. दार उघडंच होतं. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता आणि तुझ्याशी फोनवर बोलत होता. अठराव्या किलोमीटरचा चढ सांगत होता. मला बघून तोंडावर बोट ठेवलं आणि पुढे सांगत राहिला. माझ्या बुटाची नाडी सुटल्याचं त्याने तिथल्या तिथे रचलं. मी दारात घामेजलेला उभा, गळ्यात दोन पदकं, आणि तो माझी शर्यत तुला सांगतोय, माझ्यापेक्षा रंगवून.

फोन ठेवला आणि माझ्या गळ्यातली दोन्ही पदकं बघितली. मग म्हणाला, "गार्डा, हे काय करून बसलास?"

आता जे लिहितोय ते लिहायला मला चार दिवस लागले. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने मला एक पाकीट दिलं होतं. तुझ्या नावाचं. "सोमवारी टपालात टाक," म्हणाला. आत काय आहे ते विचारावं लागलं नाही, चेहऱ्यावरच दिसत होतं. रविवारी तुझा फोन झाल्यावर त्याने ते परत मागितलं. माझ्याजवळ नव्हतं, दुकानात होतं. म्हणाला, "फाडून टाक. चार महिन्यांत ती अशी हसली नव्हती. मी धावलो म्हणून हसली. आता कुठल्या तोंडाने सांगू?" मी म्हटलं, मी सांगतो, चूक माझी आहे. त्यावर त्याने मला तुझी शपथ घातली. मार्चपर्यंत टिकतो म्हणाला. मार्चपर्यंत! मी चष्मेवाला, डॉक्टर नाही, पण मलासुद्धा दिसत होतं.

मी फाडलं नाही. टाकलंही नाही. चष्म्यांच्या खणात ठेवलं. वीस तारखेला तुझी पत्रं आली तेव्हा ते काढलं, टपालपेटीपर्यंत गेलो, आणि शपथ आठवून परत आलो. मग दुकानात बसून ते "जमलं तर" लिहिलं. भित्रेपणा, दुसरं काही नाही. शपथेला काय घाबरायचं होतं? शपथ मोडली असती तर तू आली असतीस, एवढंच झालं असतं.

शेवटचे तीन दिवस तो शुद्धीवर कमी होता. डॉक्टरीणबाई आणि मी आळीपाळीने बसत होतो. तुझं नाव घ्यायचा, आणि दार वाजलं की बघायचा. हे मी गाळणार होतो. गाळत नाही.

आयोजकांकडे जाऊन सगळं सांगून आलो. त्यांनी दोन्ही नावांपुढे "बाद" लिहिलं. क्लबाने मला काढलेलं नाही, पण रविवारी आता माझ्याबरोबर कुणी धावत नाही. डॉक्टरीणबाई बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

पाकीट सोबत ठेवलंय. मी उघडलेलं नाही.

गार्डकाका


८ नोव्हेंबर

ठकू,

उद्या एकवीस आहे आणि मी धावणार नाही. जूनपासून पोटात गाठ आहे. कापता येत नाही म्हणाले. औषधं चालू आहेत, ती दुखण्यापुरती.

तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, कारण सांगितलं तर तू लगेच येशील. आता सांगतोय, कारण तू लगेच यावंस.

तुझ्या आईच्या वेळी तुला उशिरा सांगितलं. परीक्षा महत्त्वाची वाटली होती. त्या परीक्षेत तुला किती गुण मिळाले ते आज मला आठवत नाही.

दर रविवारी तू फोनवर विचारतेस आणि मी पळून आलो म्हणतो. मी फाटकापर्यंत जातो, बाकावर बसतो आणि रिक्षाने परत येतो. सगळे माझ्याशी चांगले वागतात, त्याचाच कंटाळा येतो. गार्ड मात्र अजून चिडवतो.

मला भीती वाटते गं. हे कुणाला बोललो नाही.

सुट्टीच्या पाळीची वाट बघू नकोस. अर्ज कर आणि ये.

बाबा


२८ डिसेंबर

काका,

पाकीट मिळालं. बाबांचं अक्षर शेवटपर्यंत सरळ होतं, ओळीखाली पट्टी ठेवून लिहिल्यासारखं.

तुमच्यावर नुसतं रागावता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी रागावलेलीच आहे, ते जाणार नाही. पण दोन रात्री झोप नाही ती त्यामुळे नाही.

इथे पांढऱ्या जाळीच्या पेटीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असतात. शेजारी असले तरी दिवसभरात कधी ना कधी त्यांच्यात थोडा फरक पडतोच. दिवसभर दोघांचे आकडे तंतोतंत सारखे आले तर आम्ही खूश होत नाही. कुणीतरी एकच वाचलाय आणि दोनदा लिहिलाय, असं समजून वही परत पाठवतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे मी शिकवते.

तुमचे दोघांचे आकडे माझ्यासमोर होते. पाच, दहा, पंधरा आणि शेवट. सेकंदाचाही फरक नव्हता. दोन माणसं एवढं अंतर अशी धावत नाहीत, काका. पाणी प्यायला एक थांबतो, एक पुढे जातो. ज्या बाबांनी एकोणीस वर्षांत तुम्हाला एकदाही बरोबरीने येऊ दिलं नाही, ते त्या दिवशी कसे येऊ देतील? मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. किल्ल्या दिसल्या होत्या मला, आणि हे दिसलं नाही?

तुम्ही लपवलंत, बाबांनी लपवलं, आणि मी लपवू दिलं.

पुढच्या बोटीने येतेय. बंदरावर क्लबातलं कुणी नको. तुम्ही या. बाबा दाराकडे बघायचे ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, सगळं, कितीही वेळ लागला तरी. त्यानंतर तुमच्याशी बोलेन की नाही, माहीत नाही.

सुट्टीचा अर्ज काल दिला. त्यात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, "वडील फार आजारी आहेत, ताबडतोब निघणं आवश्यक." साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

ठकू